खवल्यांचा फातर

सुशीलाबाईंनी देवबागच्या वाळूत पाय ठेवला, एक शब्द उच्चारला आणि अख्ख्या गावाची वाचा बसली. शब्द तसा साधाच. हत्यार.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आमच्याकडचे काही होडीवाले तिकडे काय घेऊन जात आणि इकडे काय घेऊन येत ते ज्याचं त्याला ठाऊक. जकातीचे लोक मनात येईल तेव्हा यायचे आणि घरं उलटीपालटी करून जायचे. अशा दिवसांत पुण्याहून तिशीची एक बाई येते, होड्या वर ओढणाऱ्या माणसांसमोर ट्रंक टेकवून उभी राहते आणि शुद्ध मराठीत विचारते, "समुद्रातून वर आलेली जुनी हत्यारं कुणाच्या घरी आहेत का?"

कोण सांगणार होतं? असती तरी सांगितली नसती.

"आमच्या हयसर हत्यारां-बित्यारां कोणाकडे नाय," आमचे शेजारी दाजी म्हणाले. आणि घरी जाऊन त्यांनी दसऱ्याला पुजायची गंजकी तलवार एका माडाच्या मुळाशी पुरून टाकली. पुढे कुठला माड ते त्यांना आठवेना. तलवार गेली ती गेलीच, आणि दाजी जन्मभर सुशीलाबाईंच्या नावाने खडे फोडत राहिले.

बाईंना हवी होती दगडाची हत्यारं. माणसाला लोखंड-तांबं ठाऊक नव्हतं तेव्हा ज्या धारेच्या दगडांनी तो कापायचा, सोलायचा, खरवडायचा, त्यांना पुस्तकांत म्हणे हत्यारंच म्हणतात. आता खरवडायच्या वस्तूला कुणी हत्यार म्हणतं का? आम्ही नारळाच्या खवणीला हत्यार म्हणत नाही. पण शिकलेल्या लोकांना हे कोण सांगणार.

त्यांना राहायला कुणी जागा देईना. मी पाणी भरून येत होते, तर ही बाई उन्हात ट्रंकेवर बसलेली आणि आजूबाजूला सगळे पुरुष जाळी विणायचं नाटक करतायत. माझ्या डोक्यात तिडीक उठली. माझे वडील मालवणला शाळामास्तर, मी मराठी सातवी पास. एका शिकलेल्या बाईला गाव असं वागवतं म्हणजे काय? मी ट्रंकेची एक कडी धरली आणि म्हटलं, "चला, बाई. आमच्याकडे ऱ्हवा."

माझ्या नवऱ्याचं नाव गणपत. आता बिनदिक्कत घेते, तेव्हा 'आमचे हे' म्हणायची. त्यांनी दारात ट्रंक बघितली, माझं तोंड बघितलं आणि अंगण झाडायला घेतलं. शहाणा माणूस.

पहिल्याच जेवणात कळलं की बाई शाकाहारी. ताटातल्या बांगड्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू तोच आता उठून बोलणार आहे. मी ताट बदललं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना डाळ, भाजी, सोलकढी. आणि मासे साफ करायची माझी जागा मी हलवली. एरवी मी मागील दारच्या पायरीवर बसून मासे करायची. आता पाहुणीला वास नको, किळस नको, म्हणून आडाळा म्हणजे आमची विळी, टोपली, सगळं उचलून कुंपणापलीकडच्या माडाखाली नेलं. आडाळ्यासोबत तिकडे राधाबाईंचा फातरही गेला.

ह्या फातराचं, म्हणजे दगडाचं, सांगायलाच हवं.

राधाबाई माझी सासू. मास्तराची पोर घरात सून म्हणून आली हे तिला कधी पचलं नाही. "पुस्तकां वाचता, पण शेवट्याची खवली काढूक येयत नाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. शेवटा हा मासा घ्या नाहीतर दुसरा कुठला, माझ्या हातून खवल्यांबरोबर कातडंही यायचं. तिच्याकडे एक दगड होता, तळहातात मावेल एवढा, मधाच्या रंगाचा. एका बाजूला पातळ धार, दुसऱ्या बाजूला जाड, आणि अंगठा टेकेल तिथे छोटा खळगा. सासऱ्यांचं जाळं एकदा समुद्रात खडकाला लागून फाटलं होतं. ते शिवताना हा दगड आत अडकलेला तिला मिळाला होता. त्याने खवले असे निघत की मासा जिवंत असता तर त्यालाही कळलं नसतं. मला ती हात लावू द्यायची नाही. ती देवळात गेली की मी चोरून वापरायची आणि धुऊन जागच्या जागी ठेवायची.

एकदा ती देवळातून लवकर परतली. मी तांबोशी मासा साफ करत होते, दगड हातात. ती उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "चोरून कित्याक? घे तुका. आता हात बसलो तुझो."

जन्मभरात तिने माझं केलेलं कौतुक एवढंच. पाटल्या लेकींना दिल्या, मला दिला फातर. पण त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. ती गेल्यावर मी तो पाटल्यांपेक्षा जास्त जपला.

तर असा तो फातर कुंपणापलीकडे, आणि त्याला शोधायला पुण्याहून आलेली बाई कुंपणाअलीकडे. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? बाईंनी मला पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. काळ्या रेघारेघांचं. मला ती सुकवलेल्या आंब्याची फोड वाटली. दगडाची हत्यारं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दशावतारातल्या भीमाची गदा यायची.

आमचे हे रोज सकाळी त्यांना होडीतून नेत. कमरेला दोरी, डोळ्यांवर रबराच्या चौकटीतली परदेशी काच, अंगात सदरा आणि पायजमा. बाई सांगलीच्या, कृष्णेत पोहायला शिकलेल्या. श्वास कोंडून खाली जायच्या आणि इतका वेळ वर यायच्या नाहीत की दोरी धरलेल्या ह्यांचाच श्वास कोंडायचा. वर येताना मुठीत वाळू, शंख, कधी फुटक्या कौलाचा तुकडा. गावाला आधी वाटलं बाई जकातीची, मग वाटलं बुडालेलं सोनं शोधते. शेवटी गावाने विचार करणं सोडून दिलं आणि पोरीबाळी काच डोळ्यांना लावून बघायला येऊ लागल्या.

एका संध्याकाळी आम्ही कुळीथ निवडत बसलो होतो तेव्हा त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. फार पूर्वी जगात थंडी इतकी होती की पाणी बर्फ होऊन साचलं होतं आणि समुद्र खूप खाली गेला होता. आज आपण जिथे किनारा म्हणतो तिथून पुढे बरंच चालत जावं तेव्हा लाट लागायची. माणसं त्या किनाऱ्याकिनाऱ्याने, शिंपले नि मासे खात, पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत गेली. मग बर्फ वितळला, पाणी वर आलं आणि त्यांच्या वाटा, त्यांच्या चुली सगळं खाली गेलं.

"म्हणजे आमचीच माणसां ती," ओट्यावरून आमचे हे म्हणाले. "मासे खाणारी."

बाई हसल्या. "आमच्या संस्थेतल्या थोरांना पटत नाही ते. ते म्हणतात, आदिमानव वर घाटावर, नद्यांच्या काठी राहायचा, किनारा रिकामा होता. मी म्हणते, रिकामा नव्हता, बुडालाय. ह्या मोसमात एक जरी दगड मिळाला तरी पुढचा मोसम देतील. नाहीतर मला परत कोठीत बसवतील, खापरांवर नंबर घालायला. मग निवृत्त होईपर्यंत तेच."

हसत म्हणाल्या, पण कुळथातला खडा समजून चांगले दाणेच बाजूला टाकत होत्या. मला त्यांची दया नाही आली, राग आला. त्यांच्या थोरांचा. मला राधाबाई आठवली. कुणीतरी एकदा 'हात बसला' म्हणावं म्हणून माणूस किती धडपडतो.

शिमगा जवळ आला. वारा फिरला, पाणी गढूळ व्हायला लागलं. बाई काळवंडल्या, हाडं दिसायला लागली, पण हाती काही नाही. त्या दिवशी वारा इतका होता की होडी अर्ध्यातून परतली. मी कुंपणापलीकडे मासे करत होते. बाईंना भूक लागलेली, मी घरात नाही. मांजरं जिकडे धावली तिकडे त्याही आल्या.

"मथुरावहिनी, थोडं पोहे-बिहे..." एवढं बोलल्या आणि थांबल्या. मला वाटलं, माशांची घाण बघून चक्कर आली. मी टोपली झाकायला गेले.

"तुमच्या हातात काय आहे?"

"मासो," मी म्हटलं.

"दुसऱ्या हातात!"

"ह्यो? ह्यो खवल्यांचो फातर."

बाई खवल्यांच्या चिखलात चक्क बसल्या. दगड हातात घेतला, धुतला, उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग मोठ्याने ओरडल्या, "अहो, हे हत्यार आहे!"

त्या ओरडण्याने आमचे हे धावत आले. "हत्यार? आमच्या घरात? बाई, देवाशपथ, आमी काय आणूक नाय!"

मग हसणं, रडणं, समजावणं असं सगळं झालं. मी दोन महिने त्या दगडाने साफ केलेले मासे ह्यांना वाढत होते आणि बाई शेजारी बसून डाळभात खात होत्या. त्यांनी मासे खाल्ले असते तर पहिल्याच आठवड्यात मागील दारी आल्या असत्या. "काखेत कळसो नि गावाक वळसो," आमचे हे म्हणाले.

आणि मग बाईंनी तो प्रश्न विचारला. विचारणारच होत्या. "वहिनी, हा मला द्याल?"

"नाय," मी म्हटलं. विचार न करता म्हटलं. "सासवेन दिल्यान तो माका. मी देवचंय नाय."

त्यांचा चेहरा पडला, पण म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि दगड माझ्या हातात परत ठेवला. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी संध्याकाळभर भांडी आपटत होते. राग त्यांचा नव्हता, मला भीती वाटत होती. तो दगड गेला की मी परत मास्तराची पोर होणार, खवले काढता न येणारी, असं काहीतरी मनात येत होतं. वेडेपणा होता, पण खरा होता.

जेवताना आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. "बाई, तो फातर बापाशीक जाळफाडीर गावलेलो."

जाळफाडी म्हणजे समुद्रातला एक खडप. वर काही दिसत नाही, खाली खडक. तिकडे टाकलेलं जाळं फाटूनच वर येतं, म्हणून नाव जाळफाडी. कुणी फिरकत नाही.

"मग तुम्ही मला तिथे एकदाही का नाही नेलंत?" बाई कळवळून म्हणाल्या.

हे ओशाळले. "पावण्या माणसाक असल्या वंगाळ जाग्यार कसां नेवचां? तुमका मी बऱ्या बऱ्या जाग्यांर नेलंय."

मी वासाची किळस नको म्हणून फातर लपवला, ह्यांनी वाईट जागा नको म्हणून खडप लपवला. पाहुणचार करून करून आम्ही बाईंना बुडवायच्या बेतात होतो.

वारा पडायची वाट बघितली. पाणी निवळलं तशी होडी काढली. मी म्हटलं, मी पण येणार. ह्यांनी माझं तोंड बघितलं आणि जागा करून दिली. खाडी मी शेकडो वेळा ओलांडली होती, पण उघड्या समुद्रात कधी गेले नव्हते. सगळा वेळ होडीची कड धरून बसले आणि भीती दिसू नये म्हणून ह्यांच्या वल्ही मारण्यात चुका काढत राहिले.

ह्यांनी डोंगराचं टोक आणि किनाऱ्यावरचा एक वाकडा माड एका रेषेत आणला आणि होडी थांबवली. तीन पुरुष पाणी. बाई खाली गेल्या. वर आल्या, काही नाही. परत गेल्या. डोळे लाल झाले, ओठ निळे पडले, मी म्हटलं पुरे, त्यांनी ऐकलं नाही. परत परत गेल्या. एकदा वर आल्या तेव्हा काठाला धरून नुसत्या धापा टाकत राहिल्या. एक हात पाण्यातच. मी तो ओढून वर घेतला. मूठ आखडली होती. एकेक बोट मी सोडवलं.

आत दगड होता. त्यावर चुन्यासारखी पुटं, बारीक शिंपले चिकटलेले. एका बाजूला पुटं नव्हती, तिथे मधाचा रंग.

माझा फातर मी पदराच्या गाठीत बांधून आणला होता. का आणला होता कोण जाणे. गाठ सोडून मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला, नव्याशेजारी. तोच दगड, तीच धार, आणि पुटांच्या खाली अंगठ्याचा तोच खळगा. बाईंनी दोन्ही दगडांवर दोन्ही अंगठे टेकवले आणि रडायला लागल्या. मीही रडले. आमचे हे समुद्राकडे तोंड करून उगाच दोरी गुंडाळत बसले.

"गावलां मां?" थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं.

"गावलां," बाई म्हणाल्या. आमच्या बोलीतला त्यांचा पहिला शब्द.

घरी आल्यावर मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "बाई, दोनय न्या. एकापेक्षा दोन बरे."

त्यांनी मान हलवली. "नको, वहिनी. मला पुराव्याला समुद्राच्या तळाशी मिळालेलाच हवा, तो मिळाला. आणि कपाटात ठेवतात त्या वस्तूंचं काम संपलेलं असतं. तुमचा फातर अजून कामावर आहे. त्याला कशाला घरी बसवायचं?" मग जरा लाजून म्हणाल्या, "पण मला एक शिकवा. ह्याने खवले कसे काढतात? तो माणूस हात कसा फिरवत असेल ते मला बघायचंय."

मासा न खाणारी ती बाई निघेपर्यंत रोज माझ्याशेजारी बसली. आता कुंपणापलीकडे नाही, मागील दारच्या पायरीवर. पहिल्या दिवशी कातडं निघालं, दुसऱ्या दिवशी बोट कापलं, खवले केसांत, भुवयांत. मी ओरडायची, "दाबू नको! फिरव नुसतो!" पाहुणीला आपण अगंतुगं करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

निघायच्या सकाळी तिने एक अख्खी तांबोशी केली. शेपटीकडून डोक्याकडे, हलक्या हाताने. खवले सपासप उडत होते आणि कातडीला ओरखडा नाही. अंगठा खळग्यात असा टेकलेला की तो तिच्यासाठीच केला असावा. मी बघत उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता हात बसलो तुझो."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. आमच्या घरात हे शब्द ज्याला म्हणतात, फातर त्याचा होतो. तिला ते ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. ती चटकन दगड माझ्यापुढे धरून म्हणाली, "वहिनी, नको हं."

मी तिची बोटं त्यावर मिटवली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट राधाबाईला त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. फातर दिल्याने तिचं काही कमी झालं नव्हतं. "घे गो," मी म्हटलं. "पण कपाटात ठेवलंस तर बघ."

समुद्रातला दगड पुण्याच्या कपाटात गेला. थोरांनी बऱ्याच शंका काढल्या, पण पुढचा मोसम दिला. त्या मोसमात सुशीला होडीतून उतरली, किनाऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "दर्यातून इलेले खवल्यांचे फातर कोणाकडे आसत?" घराघरातून बायका फातर घेऊन आल्या. निम्मे कामाचे नव्हते, दाजींनी तर फुटका वरवंटाच आणला. पण त्यांतले काही मधाच्या रंगाचे होते.

आता तिचे केस पिकलेत, माझे कधीच पिकले. अजून मोसमाला येते. ट्रंक ओट्यावर ठेवते, पिशवीतून फातर काढते आणि आधी मागील दारी जाते. मासे ती करते. मी पायरीवर बसून चुका काढते, अगदी राधाबाईसारख्या.